कलम ५० मधून गळलेली तीन वर्षं

‘भारतीय संविधानात सत्तेचं विभाजन आहे का?’ हा प्रश्न घेऊन मी कामाला लागलो, तेव्हा उत्तर एका परिच्छेदात संपेल असं वाटलं होतं. आहे, पण अमेरिकेइतकं काटेकोर नाही, झालं! संविधान सभेतल्या चर्चा वाचल्यावर कळलं की माझा प्रश्नच बोथट होता. कोणाला कोणापासून वेगळं करायचं, हे मी विचारलंच नव्हतं.

१० डिसेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ पूर्णपणे विभक्त ठेवणारं नवं कलम सुचवलं. डॉ. आंबेडकरांचं उत्तर थोडक्यात असं : न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी हवी, यात वाद नाही. पण मंत्र्यांना कायदेमंडळाबाहेर ठेवण्याच्या पद्धतीवर खुद्द अनेक अमेरिकनच नाखूश आहेत. शहांची सूचना फेटाळली गेली. पाठ्यपुस्तकं बहुतेक इथंच थांबतात.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्याआधी पंधरवड्यावर झालेली चर्चा. ब्रिटिश अमलात जिल्ह्याचा कलेक्टरच जिल्हा मॅजिस्ट्रेट असे. पोलीस त्याच्या देखरेखीखाली आणि खटले चालवणारे मॅजिस्ट्रेटही त्याच्याच हाताखाली. मग आरोपीनं दाद मागायची कुणाकडे? म्हणून ही फारकत काँग्रेसची एकोणिसाव्या शतकापासूनची मागणी होती. २४ नोव्हेंबरला आंबेडकरांनी मांडलेल्या कलमात ती तीन वर्षांत व्हावी, असं स्पष्ट लिहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनीच मुदत काढण्याची दुरुस्ती आणली. नेहरूंनी पाठिंबा दिला : सगळीकडची परिस्थिती सारखी नाही, विशेषतः संस्थानांमधली. मुदत गेली. उरलं ते आजचं कलम ५०, तेही मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात जाऊन अमलात आणून घेता येत नाही.

कारण पटण्यासारखं होतं, हे मान्य. पण परिणाम बघा. मुंबई राज्यानं १९५१ मध्येच स्वतंत्र कायदा केला. देशपातळीवर न्यायिक आणि कार्यकारी दंडाधिकारी वेगळे झाले ते १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं, जी १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. तीन वर्षांच्या जागी चोवीस!

तेव्हा कलमाचा अंतिम मजकूर वाचून टिपणं काढायला बसू नका. आधीचा मसुदा शेजारी ठेवा आणि कोणता शब्द गेला, तो कुणी काढला, ते शोधा. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण या एका गळलेल्या वाक्यांशावर उभं आहे.