आजी आधी पाय बघते

परवा कापूस वेचताना तुमच्या डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. टोक आतच राहिलं. वेचणीच्या दिवसांत काट्याचं कोण मनावर घेतं? आज पहाटे उठताना मात्र जांघेत कळ आली. हात लावला तर आवळ्याएवढा गोळा. जिंतूरच्या घरी ओट्यावर पाय पसरून तुम्ही आजीला सांगता, आणि ती गोळ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

"पाय दाव आधी."

टाच स्वतःच्या मांडीवर घेऊन ती अंगठ्यानं दाबते. तुम्ही ओरडता.

"अवधाण आलंय. काटा निघाला की उतरंल."

काटा थोडा वेळ तसाच राहू द्या. तो गोळा घेऊन मागं चला, १८९७ सालात.

येलदरीचं धरण नाही, पूर्णा मोकळी वाहतेय. नेमगिरीचा डोंगर आहे तिथंच आहे. जिंतूर निजामाच्या मुलखात आहे आणि तुम्ही पोटासाठी मुंबईच्या गिरणीत. आदल्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तापानं फणफणलेल्या रोग्यांच्या गाठी पाहून प्लेग ओळखला. तेव्हापासून लाखो माणसं शहर सोडताहेत. तुम्हीही निघालात. बोरीबंदरहून मनमाड, तिथून औरंगाबाद, जालना करत बैलगाडीनं नाहीतर पायी घर. मराठवाड्यात रेल्वे यायची आहे अजून. टाचेतला काटा मात्र आजचाच, तुमच्याबरोबर आलेला.

कल्याणला सगळ्यांना फलाटावर उतरवतात. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा नवा कायदा झालाय, आता सरकारचा हात कुणाच्याही अंगाला लागू शकतो. कार्बोलिकचा उग्र वास. रांगेत पुढं उभा म्हातारा धोतराची गाठ सोडताना मान वर करत नाही. मागची बाई पदर दातात धरून उभी आहे. आता तुमची पाळी. डॉक्टर डोळे बघतो, मानेखाली बोटं फिरवतो, काखा चाचपतो. मग जांघ. तिथं त्याची बोटं थांबतात.

तुम्ही सांगू बघता, "काटा मोडलाय, साहेब." पण गोळा हाच पुरावा मानला गेलेलं हे वर्ष आहे. पुढं काय होऊ शकतं ते तुम्हाला ठाऊक आहे: तुम्हाला बाजूला काढतील, तुमचं गाठोडं वाफेवर धरतील आणि गाडी तुमच्याशिवाय सुटेल.

त्याची बोटं तिथंच राहू देत. आपण त्यांच्या खाली, कातडीच्या आत जाऊ.

ती गाठ एरवी घेवड्याच्या बीएवढी असते. अशा पाच-सहाशे तरी अंगभर पेरलेल्या आहेत, मानेत, काखेत, जांघेत, पोटात आतड्यांपाशी. रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं पाणी पेशींमधून फिरून बारीक नळ्यांत गोळा होतं. त्यालाच लसीका म्हणतात. या नळ्यांना हृदयासारखा पंप नाही. तुम्ही चालता, पोटऱ्या आवळतात, आतल्या झडपा पाणी मागं येऊ देत नाहीत, आणि टाचेतलं पाणी वर जांघेपर्यंत चढतं. कित्येक नळ्या गाठीच्या फुगीर बाजूनं आत शिरतात, खोलगट बाजूनं एक-दोनच बाहेर पडतात. पाणी आत आलं की रेंगाळतं, आणि नेमकं ते रेंगाळणंच हवं असतं.

काट्याबरोबर आलेल्या जंतूंचे तुकडे घेऊन टाचेच्या कातडीतल्या काही पेशी आधीच इथं पोचल्या आहेत. गाठीच्या मधल्या भागात दाटीनं टी पेशी आहेत. प्रत्येकीला एकच आकार ओळखता येतो. लाखांतून एखादीला हा तुकडा जुळतो. जुळला की ती थांबते, फुगते, दुणावत जाते. कडेच्या गोल वस्त्यांमध्ये बी पेशी तोच जंतू ओळखून त्याविरुद्धची प्रतिपिंडं बनवायच्या तयारीला लागतात. रक्तातून नव्या पेशी येत राहतात आणि बाहेरची वाट काही काळ आवळून धरली जाते. माणसं येताहेत आणि कुणी निघत नाही असं लग्नघर जसं होतं, तशी गाठ. ती फुगते, तिचं आवरण ताणलं जातं, म्हणून दुखते.

म्हणजे डॉक्टरच्या बोटांना लागलेला गोळा हा रोग नव्हे. ती कामावरची गर्दी आहे.

प्लेगात मात्र हीच जागा दगा देते. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिननं प्लेगचा जंतू शोधला तो अशाच गाठीतून. हा जंतू गिळणाऱ्या पेशींतच तग धरतो, त्यांच्याच पाठीवर बसून गाठीत येतो आणि तिथं वाढत सुटतो. गाठ आतून सडते, जंतू रक्तात उतरतात. फलाटावरच्या डॉक्टरला वेडा ठरवणं म्हणूनच सोपं नाही. त्याला खरी भीती होती. चूक एवढीच की त्याला पाय बघायचं सुचलं नाही.

कारण गाठ पत्ता सांगते. पायाचं पाणी जांघेत जातं, हाताचं काखेत, डोक्याचं मानेत. प्लेगच्या गाठी सर्वांत जास्त जांघेत का यायच्या, याचं पक्कं उत्तर त्या वर्षी नव्हतं. हिंदुस्थानात आलेला फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ मात्र काही रोग्यांच्या पायांकडे बघत राहिला. गाठीच्या अलीकडे, ज्या भागाचं पाणी त्या गाठीत येतं तिथं, त्याला इवलासा फोड दिसला. आणि त्या फोडात प्लेगचे जंतू. त्यातून त्याला पिसवेच्या चाव्याचा संशय आला, आणि १८९८ साली कराचीत उंदरांवर प्रयोग करून त्यानं तो पडताळला. पुष्कळांना ते बरीच वर्षं पटलं नाही. जिंतूरच्या ओट्यावर पटलं असतं असं मी म्हणणार नाही. आजीला पिसवांचं काही ठाऊक नव्हतं. पण बघायचं कुठून सुरू करायचं, हे तिला ठाऊक होतं.

तुम्ही फलाटावर उभे आहात त्याच वर्षी, निजामाच्याच मुलखात, दुसरी एक गोष्ट घडतेय. २० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद. रोनाल्ड रॉसला हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याचं रक्त प्यालेल्या डासाच्या पोटात परोपजीवी सापडतात. हिवतापानं पिचलेल्या लेकरांच्या डाव्या बरगडीखाली तेव्हा घरोघरी एक कठीण चकती हाताला लागायची. तिला पानथरी म्हणत. ती प्लीहा. गाठी लसीका गाळतात, प्लीहा थेट रक्त गाळते. म्हाताऱ्या तांबड्या पेशी मोडीत काढणं हे तिचं रोजचं काम, आणि हिवतापात बिघडलेल्या पेशींचा लोंढा आला की ती फुगत जाते.

आणखी एकच थांबा, तुमच्या बारशाचा दिवस. पाळण्यात तुम्ही, आणि छातीच्या हाडामागं यौवनलोपी ग्रंथी, म्हणजे थायमस. अंगाच्या मानानं ती आज आहे तेवढी मोठी पुन्हा कधीच असणार नाही. हाडांच्या मगजात जन्मलेल्या पेशी इथं शिकायला येतात. स्वतःच्याच अंगावर उठणाऱ्या आणि काहीच न ओळखणाऱ्या दोन्ही बाद होतात; शंभरातल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात. ही ग्रंथी कशासाठी असते, ते १९६१ पर्यंत कळलं नव्हतं. लंडनमध्ये जॅक मिलरनं नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली आणि ते साध्या संसर्गांपुढे टिकेनात. आज तुमच्या जांघेत फुगलेल्या टी पेशी त्याच शाळेतून निघालेल्यांच्या वंशातल्या.

परत ओट्यावर या. आजीनं सुई तापवून काटा काढलाय. तांबूस पाणी झिरपतंय. "लस येतीय," ती म्हणते. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेता, तीही लसच. जखमेतून येते ती आणि टोचतात ती, आपल्याकडे शब्द एकच. आणि दोन्हींची वाट गाठीकडेच जाते.

चौथ्या दिवशी जांघेतला गोळा चिंचोक्याएवढा उरलाय. पण डाव्या काखेत थोडं ठणकतंय. तुम्ही आजीला सांगता.

"दंड दाव," ती म्हणते.