पाच चिंचोके

गेल्या दिवाळीच्या सुटीत पाच चिंचोक्यांनी मला खोटे पाडले, त्याची ही हकीकत आहे. मी शाळामास्तर, कादंबऱ्याही लिहितो, परंतु गणिताचा आणि माझा संबंध मॅट्रिकबरोबरच संपला. तरीही एका पुस्तकात एका खेळाविषयी वाचले आणि घरातली पोरे जमवून ओसरीवर खडूने चौकटी आखल्या.

खेळाचे नियम असे. प्रत्येक घराला आठ शेजारी, चार बाजूंचे आणि चार कोपऱ्यांवरचे. चिंचोक्याच्या शेजारघरांत दोन किंवा तीन चिंचोके असले तर तो जगतो. कमी असले तर एकटेपणाने मरतो, जास्त असले तर गर्दीने. रिकाम्या घराभोवती नेमके तीन असले, तर तेथे नवा जन्मतो. सगळ्या पटाचा हिशेब एकदम करायचा, की एक पिढी झाली. पहिली मांडणी केल्यावर खेळणाऱ्याने डोके चालवायचे नाही, नुसते नियम पाळायचे.

चौघे चौकोनात मांडले, ते तसेच बसून राहिले. तिघे ओळीत मांडले, ते आडवे-उभे होत राहिले. मग पाच मांडले: तीन उभ्या ओळीत, वरच्याच्या उजवीला एक, मधल्याच्या डावीला एक. आणि पटावर जी धांदल उडाली ती थांबेचना! पुतणीने विचारले, ‘‘काका, हे शेवटी मरणार की राहणार, आधी नाही का सांगता येत?’’ मी मास्तरी थाटात म्हणालो, ‘‘नियम ठाऊक असले की सगळे सांगता येते.’’ चाळिसाव्या पिढीच्या सुमारास चिंचोकेही पुरेनात आणि ओसरीही. कोणाचा तरी पाय लागला आणि खेळ मोडला. पुढे पुस्तकात वाचले की या पाचांचा संसार स्थिरावायला ११०३ पिढ्या लागतात.

माझे ते उत्तर मला टोचू लागले, म्हणून या खेळाचे कूळ शोधत गेलो. ते जाऊन पोहोचले जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञापाशी. जन्म बुडापेस्टचा, १९०३ सालचा. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला स्थायिक झालेला आणि अणुबाँबच्या कामातही गुंतलेला. त्याला पडलेला प्रश्न मात्र एखाद्या लहान मुलाने विचारावा असा होता: यंत्राला आपल्यासारखेच यंत्र जन्माला घालता येईल काय? १९४८ साली पॅसाडेना येथे त्याने यावर व्याख्यान दिले. सुट्या भागांच्या ढिगातून भाग उचलून जोडणारे यंत्र प्रथम त्याच्या मनात होते. पण अशा यंत्राचे हात कसे असावेत आणि सांधे कसे जोडावेत, या खटाटोपात मूळ प्रश्नच हरवू लागला. तेव्हा त्याचा मित्र स्टॅनिस्लाव उलाम याने सुचवले की लोखंड सोड, अमर्याद चौकटींचा पट घे. या पटावरच्या यंत्रांना ‘सेल्युलर ऑटोमेटा’ म्हणतात. नॉयमनच्या पटावर प्रत्येक घराच्या २९ अवस्था होत्या आणि ते फक्त चार बाजूंच्या शेजाऱ्यांकडे पाही. स्वतःची प्रतिकृती करणारे त्याचे यंत्र सुमारे दोन लाख घरे व्यापणारे होते.

त्यातली खरी अडचण कारागिरीची नव्हती. यंत्राजवळ स्वतःचा आराखडा हवा. पण आराखड्यात आराखड्याचेही चित्र असायचे म्हटले, तर त्या चित्रात पुन्हा चित्र, त्याला अंत कुठला? नॉयमनने तोड काढली. आराखडा दोनदा वापरायचा: एकदा वाचून त्याबरहुकूम यंत्र बांधायचे, आणि एकदा अर्थ न बघता नुसता उतरवून नव्या यंत्राच्या हवाली करायचा. पोथी वाचणारा पुराणिक वेगळा आणि अक्षरन् अक्षर उतरवणारा लेखक वेगळा, तसेच हे. पुढे १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना उलगडली आणि कालांतराने दिसून आले की आपल्या देहातल्या पेशीही हेच करतात. हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ नुसताच बसलो होतो.

नॉयमनला आपला ग्रंथ पुरा करता आला नाही. कर्करोगाने १९५७ च्या फेब्रुवारीत तो गेला, वय अवघे ५३. आर्थर बर्क्स याने ते हस्तलिखित पुरे करून १९६६ साली प्रसिद्ध केले. अशी कामे करणाऱ्यांची नावे कोणी लक्षात ठेवत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

आमचा ओसरीवरचा खेळ हा त्या पटाचा धाकटा भाऊ. केंब्रिजच्या जॉन कॉन्वेला २९ अवस्थांचा पसारा नको होता. ‘गो’ नावाच्या खेळाच्या सोंगट्या मांडून त्याने नाना नियम तपासले, टाकले, आणि वरचे नियम कायम केले. त्याचा सहकारी रिचर्ड गाय आमचेच ते पाच चिंचोके न्याहाळत असता त्याला पाच घरांची एक चालती आकृती दिसली. दर चार पिढ्यांनी ती पुन्हा पहिल्या रूपात येते, पण तिरकी एक घर पुढे सरकलेली. तिला ‘ग्लायडर’ म्हणतात. १९७० च्या ऑक्टोबरात मार्टिन गार्डनर याने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात हा खेळ छापला. मोजक्या चिंचोक्यांतून अखंड वाढणारी मांडणी निघणार नाही, असा कॉन्वेचा कयास होता. खरेखोटे करून दाखवणाऱ्याला त्याने ५० डॉलर देऊ केले. नोव्हेंबरातच बिल गॉस्पर आणि त्याच्या सोबत्यांनी दर ३० पिढ्यांना एक ग्लायडर सोडणारी ‘तोफ’ शोधून ते बक्षीस घेतले.

तोफेची मौज तेवढ्यावर संपत नाही. ग्लायडरांची रांग म्हणजे तारेतला संदेश: आला तर एक, न आला तर शून्य. दोन ग्लायडर नेमके आदळले की दोघेही नाहीसे होतात. म्हणून एका रांगेने दुसरी अडवता येते, आणि अशा अडवाअडवीतून ‘नाही’, ‘आणि’, ‘किंवा’ ही तर्काची कामे साधतात. त्यांतून सबंध संगणक उभा राहतो. जे गणित कोणत्याही संगणकाला येते ते, पट पुरेसा मोठा असेल तर, चिंचोक्यांनाही येते. इतकेच काय, एका ओळीत मांडलेली, दोनच अवस्थांची, फक्त डाव्याउजव्या शेजाऱ्याकडे पाहणारी घरेही याला पुरतात! अशा २५६ नियमांपैकी ११० क्रमांकाच्या नियमाविषयी मॅथ्यू कुक याने ते सिद्ध केले. सिद्धता २००४ साली छापून आली.

आणि इथेच माझे मास्तरी उत्तर कोसळले. संगणकाला दिलेले काम केव्हातरी थांबेल की नाही, हे दरवेळी अचूक सांगणारी रीत असूच शकत नाही, असे ॲलन ट्यूरिंगने १९३६ सालीच दाखवून ठेवले आहे. चिंचोके संगणक होऊ शकतात, तर त्यांनाही ते लागू. कोणतीही मांडणी दाखवावी आणि ती मरेल की जगेल हे सांगावे, अशी एकच रीत कधीच सापडणार नाही. नियम सगळे ठाऊक असूनही नाही. ११०३ हा आकडासुद्धा सूत्राने निघालेला नाही. पिढ्यामागून पिढ्या चालवून पाहिल्या तेव्हा कळला.

कॉन्वे २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाच्या साथीत गेला. एवढे गणित केले आणि जग मला या पोरखेळावरून ओळखते, याची त्याला चीड होती. आता मीही त्याच लोकांत जमा झालो, त्याला इलाज नाही.

पुतणीला मी बोलावून सांगितले की त्या दिवशी माझे चुकले. तिने फारसे मनावर घेतले नाही. यंदा चौकटींची मोठी वही आणली आहे आणि खेळ पुन्हा पाच चिंचोक्यांपासून सुरू केला आहे. पहिला ग्लायडर ६९ व्या पिढीला सुटतो म्हणतात. आमची ५२ वी चालू आहे, आणि ती मला खोडरबर मागते आहे.