घर विकलं म्हणजे नक्की काय विकलं?

आजचा विषय जाहीर झाल्यापासून तिघाचौघांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. जुनं घर घ्यायचं, डागडुजी करायची आणि विकायचं, यात सुटतं किती? आकडा आम्ही सांगणार आहोत, आणि तो आमच्याच वहीतला सांगणार आहोत. पण त्याआधी थोडं मागं जाऊ. आमचा हिशोब जिथं चुकला, ती जागा आम्हाला घराच्या भिंतीत सापडली नाही, जिल्ह्याच्या इतिहासात सापडली.

गोंदिया जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी. त्याआधी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात, आणि इंग्रजी अमलात मध्य प्रांतात. इथं रयतवारी नव्हती, मालगुजारी होती. गावाचा मालक मालगुजार. शेत त्याचं, तलाव त्याचा, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे आबादीची जागासुद्धा त्याची. कुळाला घर बांधायला जागा मिळे, शेती करणाऱ्याकडून तिचं भाडंही घेत नसत. त्या जागेवर तो मातीच्या भिंती उभारी, सागवानी मयाल टाकी, वर कवेलू चढवी. घर त्याचं, खालची जमीन मालगुजाराची.

आता अशा माणसाला गाव सोडून जायचं झालं तर तो काय विकणार? तो विकायचा मलबा. मयाल, फाटे, दाराच्या चौकटी, कवेलू. बैलगाड्या लागायच्या, घर उतरवलं जायचं आणि दुसऱ्या गावात पुन्हा उभं राहायचं. माती मागं उरायची, पहिल्या पावसात तीही आबादीत मिसळून जायची. गावोगावच्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या रिवाजांच्या नोंदीत, घर सोडणाऱ्याचा हक्क कुठवर याबद्दल कलमं असत. तपशील गावाप्रमाणं बदले, पण मलबा वेगळा आणि जागा वेगळी ही समज सगळीकडं होती.

कायद्यालाही ही समज होती. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 बघा. कर्जापोटी काय जप्त करता येणार नाही याची त्यात यादी आहे. शेतकरी ज्या घरात राहतो ते घर जप्त होत नाही, आणि तिथं घराबरोबर त्याचं सामान आणि त्याची जागा असे वेगवेगळे शब्द घातलेले आहेत. सामान म्हणजे भांडीकुंडी नव्हे बरं का, बांधकामाचं साहित्य. आपल्या भाषेत मलबाच. सावकार मयाल उतरवून नेऊ शकतो, ही भीती खरी असल्याशिवाय असा शब्द कायद्यात येत नाही. तिसाव्या दशकात धानाचे भाव कोसळले आणि कर्जं इतकी तुंबली की मध्य प्रांताला 1933 मध्ये कर्ज सलोख्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या काळात शेतं हातची गेली. राहती घरं मात्र पुष्कळांची राहिली, त्यात या कलमाचा वाटा आहे.

म्हणजे गावात घर घेऊन नफ्यानं विकणं हा धंदा तेव्हा होऊच शकत नव्हता. होता तो लाकडाचा धंदा.

गोंदिया गावाची गोष्ट निराळी. नागपूर ते राजनांदगाव ही छत्तीसगडची मीटरगेज लाइन 1880 ते 82 च्या सुमारास झाली. 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिनं ही लाइन घेतली आणि रुंद केली. तेव्हा गोंदिया हे तिरोडा तहसिलीतलं एक गाव होतं. पुढं 1903 ते 05 मध्ये नैनपूरमार्गे जबलपूरकडे छोटी लाइन गेली, 1908 मध्ये नागभीडकडे दुसरी. चार दिशांचे रूळ एका ठिकाणी आले. धान इथं उतरू लागलं, तांदूळ इथून चढू लागला, पाठोपाठ तेंदूपत्ता आणि विडी आली. गुजराती, मारवाडी, कच्छी, सिंधी अशी माणसं वेगवेगळ्या काळात येत गेली. इथल्या पोवार-कुणब्यांच्या घराला छपरी असायची, ती बाजारात आली आणि तिचं दुकान झालं. पुढं गाळा, मागं कोठार, वर माडी. गोंदियाच्या जुन्या बाजारपेठेत अशी घरं अजून उभी आहेत.

या घरांची किंमत का वाढली? मालकानं भिंतीला चुना लावला म्हणून नाही. स्टेशन जवळ आलं म्हणून. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच हे बोलून ठेवलं होतं. मालक झोपलेला असतो आणि समाजाच्या कष्टानं त्याच्या जमिनीचा भाव वाढत असतो. तर त्या वाढीचा हिस्सा समाजानं घ्यावा, असं त्याचं म्हणणं. हे तत्त्वज्ञान वाटतं, पण आपल्या तहसील कार्यालयात ते अजून जिवंत आहे. शासनानं अटीवर दिलेली जमीन विकायला निघालात की कागदावर 'अनर्जित' हा शब्द समोर येतो. अनर्जित, म्हणजे तुम्ही न कमावलेलं. आम्ही पहिल्यांदा तो शब्द वाचला तेव्हा आम्हाला राग आला होता. कारण आमच्या हाताला तेव्हा अजून चुना लागलेला होता.

तर आता आमची वही.

आम्ही दोघं भाऊ. 2014 मध्ये शहरातलं एक जुनं कवेलूचं घर आम्ही घेतलं, 18 लाखांना. भाव आजूबाजूच्या मानानं कमी होता. कमी का, याची दोन कारणं होती आणि दोन्ही आम्हाला माहीत होती. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

पहिलं कारण, पुढच्या खोलीतला भाडेकरू. शिलाईचं काम करणारे एक काका, वय सत्तरीच्या घरात. त्यांच्या वडलांच्या वेळेपासून खोली त्यांच्याकडं. इथं पुन्हा इतिहास येतो. विदर्भात 1949 चा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश 31 मार्च 2000 पर्यंत चालू होता. या आदेशाचा गाभा असा, की मालकाला भाडेकरूला नोटीस देण्याआधी भाडे नियंत्रकाची परवानगी काढावी लागे. थेट कोर्टात जायची सोय नव्हती. परवानगीचा अर्ज, त्यावर अपील, मग नोटीस, मग दावा. माणसं म्हातारी व्हायची. महागाई वाढत गेली, भाडं मात्र तिथंच राहिलं. मग मालकानं कवेलू फेरणं बंद केलं. कवेलू दर वर्षी पावसाळ्याआधी फेरावेच लागतात, नाहीतर आपल्याकडच्या पावसात दोन-तीन वर्षांत फाटे कुजतात. पन्नास वर्षांत अशी किती घरं नुसत्या भाड्याच्या आकड्यापायी बसली असतील! भाडेकरूला संरक्षण देणारा कायदा आवश्यकच होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण त्यातून एक वेगळाच बाजार तयार झाला. भाडेकरूसकट घर स्वस्त, रिकामं घर महाग. या दोन भावांमधला फरक हाच अनेकांचा नफा. घर सुधारून विकलं असं म्हणायचं, आणि सुधारणा काय, तर माणूस बाहेर काढला.

2000 नंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू झाला. त्यात दुरुस्तीसाठी जागा रिकामी मागता येते, पण दुरुस्तीनंतर भाडेकरूला परत जागा देण्याची तरतूदही आहे. आम्ही त्या वाटेला गेलोच नाही. काकांना 1 लाख रुपये दिले, त्यांनी लिहून दिलं, मशीन उचललं. ते नातवाच्या खोलीत राहायला गेले. जाताना म्हणाले, "भाऊ, त्या खिडकीतला उजेड चांगला आहे, ती बुजवू नका." आम्ही ती बुजवली. तिथं शटर बसवलं.

दुसरं कारण नझूल. शहरातली बरीच जुनी जागा शासनाची आणि पट्ट्यानं दिलेली. पट्टा बहुधा तीस वर्षांचा, मग नूतनीकरण. विकणाऱ्यानं सांगितलं, पट्टा संपलाय पण होऊन जातो, सगळ्यांचाच संपलेला आहे. हे खरंही होतं, सगळ्यांचाच संपलेला होता. आखीव पत्रिकेवर नाव होतं, कराची पावती होती, रजिस्ट्री झाली. आम्ही खूश.

मग कामाला लागलो. अंदाज चार लाखांचा होता. भिंतीचं पोपडं काढलं तर आत उधई. मयाल मात्र सागवानी आणि दगडासारखे; ते मिस्त्रीनं हातानं ठोकून दाखवले. आम्ही कवेलू उतरवून स्लॅब टाकला, आणि मयाल विकले. आज वाटतं, त्या घरात खरोखर मोलाचं असं तेवढंच होतं. आजोबांच्या काळी असतो तर मयाल ठेवून बाकीचं सोडलं असतं. खर्च साडेसहा लाखांवर गेला, मयालांचे पैसे वजा करून.

2016 मध्ये गिऱ्हाईक आलं. तरुण जोडपं, दोघं नोकरीत. घर आवडलं, इसार दिला. त्यांच्या बँकेनं कागद बघितले आणि कर्ज नाकारलं, कारण पट्टा संपलेला. इसार परत केला. पुढची दोन वर्षं आम्ही नूतनीकरणाच्या फाइलीमागं होतो. शटर बंद, स्लॅबवर शेवाळ, आणि दहा लाखांच्या कर्जावर दहा टक्क्यांनी व्याज. विकलं 2018 मध्ये, 32 लाखांना.

ऐकणाऱ्याला वाटतं 18 चे 32 झाले. आता बेरीज करा. खरेदी 18 लाख. मुद्रांक, नोंदणी आणि वकील मिळून 1 लाख 35 हजार. काकांना 1 लाख. बांधकाम साडेसहा लाख. पट्टा आणि थकबाकी 90 हजार. साडेतीन वर्षांचं व्याज साडेतीन लाख. झाले 31 लाख 25 हजार. दलाली एक टक्का, म्हणजे 32 हजार. उरले 43 हजार. दोघा भावांचे, साडेतीन वर्षांचे. आमची स्वतःची मजुरी त्यात धरलेली नाही, ती धरली तर वही मिटलेलीच बरी.

आणि मागच्या गल्लीत एक मोकळा प्लॉट होता. कागद स्वच्छ, वर बाभळीचं रान. त्याच्या मालकानं एक वीटही रचली नाही. त्याच काळात चौरस फुटाला त्याला आमच्यापेक्षा जास्त भाव मिळाला. अनर्जित! त्या दिवशी आमचा त्या शब्दावरचा राग गेला.

कराचं एका वाक्यात सांगतो, कारण हमखास कोणीतरी विचारतं. घर दोन वर्षांच्या आत विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दरानं कर, त्यानंतर विकलं तर दीर्घकालीन, ज्याचा दर 23 जुलै 2024 पासून साडेबारा टक्के आहे. आणि हेच काम वारंवार केलंत तर खातं त्याला धंदा म्हणू शकतं. घाई करणाऱ्याला कर जास्त, थांबणाऱ्याला व्याज जास्त.

नझूलचं चित्र त्यानंतर बदललं. 2019 च्या नियमांनी भाडेपट्ट्याच्या जमिनी रक्कम भरून भोगवटादार वर्ग 1 करायची वाट उघडली. पुढं नागपूर आणि अमरावती विभागांतल्या निवासी नझूल पट्ट्यांसाठी विशेष अभय योजना आली. आम्ही विकलेल्या घराचा आजचा मालक आमच्यापेक्षा कितीतरी सुखात असेल. त्याच्या घरात आमच्यानंतर काही बदललेलं नाही, बदलला तो कागद.

आता पुन्हा गावाकडं. 31 मार्च 1951 ला मालगुजारी गेली. त्या कायद्याच्या पाचव्या कलमानं आबादीतली घरं, विहिरी, वापरातली आवारं ज्याची त्याच्याकडं ठेवली आणि त्यांच्याखालची जमीन सरकारनं त्याच माणसाला द्यायची असं ठरलं. मलबा आणि जागा पहिल्यांदा एका हातात आली. मालगुजारांच्या गढ्या आणि वाडे याच कलमाखाली त्यांच्याकडं राहिले, पण ते राखायला लागणारं गावाचं उत्पन्न गेलं; कित्येक वाड्यांची दारं नंतर शहरात विकली गेली. साध्या माणसाला जागा मिळाली खरी, पण तिचा नकाशा कुठं होता? ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा. तो मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून बँक दारात उभी करायची नाही, आणि गावातलं घर नात्यात किंवा शेजाऱ्याला, तोंडी भावानं विकलं जायचं.

24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोन फिरले, चुन्याच्या रेषा आखल्या गेल्या, आणि गावठाणातल्या घराला मिळकत पत्रिका मिळू लागली. सालेकसा, देवरीकडच्या माणसाच्या दृष्टीनं ही लहान गोष्ट नाही. ज्या घराला पणजोबांच्या काळी फक्त लाकडाची किंमत होती, ते आता तारण ठेवता येतं. आणि जे तारण ठेवता येतं ते हातचं जाऊही शकतं. कलम 60 चं संरक्षण तुम्ही स्वतः सही करून दिलेल्या गहाणाला लागू होत नाही, हे कर्ज घेताना कोणी सांगत नाही.

मागच्या महिन्यात आमच्या मूळ गावी गेलो होतो. आमचं घर अजून कवेलूचंच आहे. अंगणात एक अनोळखी गृहस्थ उभे होते, मोबाइलवर फोटो काढत होते. विचारलं, काय पाहिजे? म्हणाले, "घर विकायचं आहे का, विचारायला आलो. पत्रिका झाली ना तुमची?" आईनं त्यांना पाणी दिलं. मग तिनं विचारलं, "मयालासकट घेता का त्याच्याशिवाय?" त्या गृहस्थांना प्रश्न कळला नाही.