लवचिक नळ, सागरी
समुद्रतळावरील तेलविहिरीपासून पृष्ठभागावरील तरंगत्या नौकेपर्यंत वा मंचापर्यंत खनिज तेल, नैसर्गिक वायू व पाणी यांची ने-आण करणारा, अनेक थरांचा, न मोडता वाकू शकणारा नळ. अखंड पोलादी नळ दाब उत्तम सोसतो. पण लाटांबरोबर अहोरात्र हेलकावणाऱ्या नौकेस तो बांधला, तर वारंवार वाकून थोड्याच काळात तडकतो. रबरी नळी वाकते, परंतु खोल पाण्यातील बाह्य दाबाखाली चेपते व आतील दाबाने फुटते. या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांतून या नळाचा विकास झाला.

कल्पना तशी जुनी आहे. सु. १८१० मध्ये ग्लासगो शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी क्लाइड नदीच्या तळावरून नळ नेण्याचा प्रश्न जेम्स वॉट यांच्यापुढे आला. तळ ओबडधोबड व अस्थिर असल्याने त्यांनी शेवंड्याच्या शेपटीचे खवले पाहून उखळी सांध्यांनी जोडलेला, तळाच्या आकारानुसार वळणारा बिडाचा नळ सुचविला. १८८५ मध्ये फ्रान्समध्ये अझेन लव्हाव्हासर व जर्मनीत हाइन्रिख व्हिट्सेनमान यांनी धातूची पट्टी सर्पिल गुंडाळून तिच्या कडा एकमेकींत अडकविलेली लवचिक धातुनळी पुढे आणली. आजच्या सागरी नळाचा सर्वांत आतला सांगाडा याच कुळातील आहे.

समुद्राखालून इंधन नेण्याचा पहिला मोठा प्रयोग दुसऱ्या महायुद्धात झाला. नॉर्मंडीत उतरणाऱ्या दोस्त सैन्याला पेट्रोल पुरविण्यासाठी ब्रिटनने ‘प्लूटो’ ही योजना आखली. १९४२ मध्ये अँग्लो-इराणियन तेल कंपनीचे मुख्य अभियंते ए. सी. हार्टली यांनी सुचविले की, समुद्री तारायंत्राच्या केबलमधील तांब्याची तार व तिचे वेष्टन काढून टाकले, तर उरणारे कवच म्हणजे नळच होय. त्यानुसार शिशाच्या नळीवर कागद, डांबर, पोलादी पट्ट्या व तारा यांचे थर चढविण्यात आले. चाचणीत शिसे पट्ट्यांमधील फटींतून बाहेर दाबले गेले, तेव्हा पट्ट्यांच्या थरांची संख्या वाढविण्यात आली. नळ अंथरताना चेपू नये म्हणून तो दाबाखालील पाण्याने भरून ठेवीत. डिसेंबर १९४२ मध्ये ब्रिस्टल खाडीत यशस्वी चाचणी होऊन १९४४ मध्ये प्रथम चेरबर्गकडे व नंतर बूलोनकडे नळ टाकले गेले. चेरबर्गकडील नळ फार काळ टिकले नाहीत व बहुतेक इंधन टँकर जहाजांनीच पोहोचले. युद्धोत्तर काळात या योजनेचे जे गौरवीकरण झाले, त्या मानाने तिचा प्रत्यक्ष वाटा लहान होता. तथापि अभेद्य नळी व तिच्यावरील तारांचे चिलखत ही दोन कामे वेगळ्या थरांकडे सोपविण्याचे तत्त्व मात्र टिकून राहिले.

या तत्त्वाला औद्योगिक रूप फ्रान्समध्ये मिळाले. फ्रेंच पेट्रोलियम संस्थेने विहीर खोदण्यासाठी लवचिक नळावर संशोधन केले होते. खोदकामात त्याला अपेक्षित यश लाभले नाही. परंतु तोच नळ तेलवहनास उपयुक्त ठरला. १९७१ मध्ये कोफ्लेक्सिप ही कंपनी स्थापन झाली आणि सेन नदीकाठच्या ल त्रे येथे, जहाजबांधणी बंद पडलेल्या गावी, तिचा कारखाना उभा राहिला. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलच्या काम्पुस खोऱ्यातील एन्शोव्हा क्षेत्रात, सु. १२० मी. खोल पाण्यात, तरंगत्या उत्पादन मंचाला हे नळ जोडण्यात आले. कायम मंच बांधण्याची वाट न पाहता तेल काढता येऊ लागल्याने ब्राझील या नळाचा सर्वांत मोठा ग्राहक बनला.

रचना : सर्वांत आत अगंज पोलादी पट्टीचा सांगाडा असून तो बाह्य दाब सोसतो. त्यावर बहुवारिकाचे (प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे) अभेद्य आवरण असते. त्याबाहेर एकमेकींत अडकणाऱ्या पोलादी तारांचा थर आतील दाब पेलतो, तर परस्परविरुद्ध दिशांनी गुंडाळलेले पोलादी पट्ट्यांचे दोन थर नळाचे वजन व ताण सोसतात. शेवटी समुद्राचे पाणी बाहेर ठेवणारे वेष्टन येते. थर एकमेकांस चिकटविलेले नसतात. नळ वाकताना ते परस्परांवरून सरकतात व त्यातच त्याच्या लवचिकपणाचे रहस्य आहे. आतील आवरणासाठी बराच काळ वापरलेले पॉलिअमाइड-११ हे बहुवारिक एरंडेलापासून तयार होते. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर असून त्यातील मोठा वाटा गुजरातचा आहे. तेव्हा ब्राझीलच्या समुद्रातील नळाचे मूळ कच्छ-सौराष्ट्राच्या शेतापर्यंतही पोहोचू शकते. उष्ण पाण्याच्या दीर्घ संपर्काने हे बहुवारिक ठिसूळ होते, म्हणून अधिक तापमानासाठी इतर पदार्थ वापरावे लागतात.

बहुवारिक द्रव अडविते. वायू मात्र त्यातून हळूहळू झिरपतात. या गुणधर्माची खरी किंमत क्षारथराखालील तेलक्षेत्रांत कळून आली. ब्राझीलच्या सांतुस खोऱ्यात २००६ मध्ये सापडलेली ही क्षेत्रे २,००० मी.हून अधिक खोल पाण्याखाली असून तेथे बाह्य दाब वातावरणीय दाबाच्या सु. २०० पट होतो व अनेक ठिकाणच्या वायूत कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण मोठे असते. हा वायू व पाणी दोन आवरणांमधील पोकळीत साचून ताणाखालील तारांना भेगा पडतात आणि नळ अपेक्षित आयुष्याच्या बराच आधी तुटू शकतो. २०१७ मध्ये ही विकृती उघडकीस आली व तेथील नियामक संस्थेने सुरक्षा-इशारा दिला. बाहेरून नळ धडधाकट दिसतो व भेगा वेष्टनाखाली दडलेल्या असतात, हीच यातील मोठी अडचण होय.

यामुळे पोलादाशिवायचा नळ बनविण्याच्या प्रयत्नांना जोर आला. संमिश्र नळात काच वा कार्बन तंतूंच्या पट्ट्या तापमृदू (उष्णतेने मऊ होणाऱ्या) बहुवारिकात भिजवून, गुंडाळताना वितळवून एकजीव करतात. तो गंजत नाही व पोलादी चिलखताच्या नळापेक्षा पुष्कळ हलका असतो. नेदर्लंड्समधील एअरबोर्न (२०२० पासून स्ट्रोम) व ब्रिटनमधील मॅग्मा या कंपन्यांनी या क्षेत्रात पुढाकार घेतला. अशा नळांसाठीची नॉर्वेच्या डीएनव्ही संस्थेची शिफारस २०१५ मध्ये निघाली. मात्र हलकेपणा हाही दोष ठरू शकतो, कारण असा नळ समुद्रतळावर प्रवाहाने सरकतो व त्याला वजन जोडावे लागते. टोकाचा धातूचा सांधा बसविणे हे अद्याप सर्वांत नाजूक काम आहे. शिवाय पोलाद तुटण्यापूर्वी ताणले जाते, तसे कार्बन तंतू फारसे ताणले जात नाहीत.

भारतात मुंबई हाय क्षेत्र १९७४ मध्ये सापडले व मे १९७६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. उरणपर्यंतचे पोलादी नळ १९७८ मध्ये कार्यान्वित होईपर्यंत तेल समुद्रातच तरत्या बोयाला बांधलेल्या टँकरमध्ये भरीत आणि बोया व जहाज यांमधील दुवा रबरी लवचिक नळीचाच असे. क्षेत्र उथळ असल्याने तेथे पुढे स्थिर मंच व पोलादी नळ यांवरच भर राहिला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील खोल पाण्यात मात्र तरंगत्या नौकांद्वारे तेल काढावे लागते.