नकाशावरचे नाव

सियाचिन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतात ते बर्फात पहारा देणारे जवान. त्यामुळे त्याच हिमनदीच्या माथ्याशी १९१२ साली काढलेले एक छायाचित्र प्रथम पाहिले, तेव्हा मी थबकले. सुमारे २१,००० फुटांवरच्या बर्फाळ पठारावर पन्नाशी ओलांडलेली एक बाई उभी आहे. तिने हातात एक वर्तमानपत्र उलगडून धरले आहे आणि त्यावर ठळक अक्षरांत मागणी आहे : स्त्रियांना मताधिकार!

ही बाई म्हणजे फॅनी बुलक वर्कमन. १८५९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये गर्भश्रीमंत घरात तिचा जन्म झाला. पती विल्यम हंटर वर्कमन डॉक्टर होते. दोघांनी सायकलवरून हिंदुस्थान पालथा घातला. १८९८ च्या उन्हाळ्यात मैदानातला उकाडा टाळण्यासाठी ती दोघे काश्मीर-लडाखकडे गेली आणि पुढची चौदा वर्षे हिमालय-काराकोरमने त्यांना सोडले नाही. बिआफो, चोगो लुंगमा, हिस्पर, सियाचिन अशा एकामागून एक हिमनद्या त्यांनी तुडवल्या. एका मोहिमेचे नेतृत्व पतीकडे, तर दुसरीचे पत्नीकडे, अशी त्यांची वाटणी असे. १९०६ साली, वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी, नून-कून समूहातील पिनॅकल शिखर फॅनीबाईंनी सर केले. त्यांच्या मोजणीनुसार ते २३,३०० फूट होते. आज त्याची उंची ६,९३० मीटर मानली जाते. स्त्रियांच्या उंचीचा हा विक्रम १९३४ पर्यंत टिकला.

हा विक्रम बाईंनी कसा जपला, ते पाहण्यासारखे आहे. १९०८ साली ॲनी पेक या दुसऱ्या अमेरिकन गिर्यारोहक स्त्रीने पेरूमधील वास्करान शिखर गाठले आणि ते २४,००० फुटांपर्यंत असावे असा अंदाज सांगितला. फॅनीबाईंनी पदरचे सुमारे १३,००० डॉलर खर्चून फ्रेंच मोजणीदार पेरूला धाडले. उंची भरली २१,८१२ फूट. पेकबाई तुटपुंज्या पैशांवर मोहिमा करणाऱ्या. त्यांच्या साऱ्या मोहिमेलाही एवढा खर्च आला नव्हता. गंमत अशी, की १९११ साली याच पेकबाईंनी पेरूतल्या कोरोपुना शिखरावर मताधिकाराच्याच मागणीचा फलक रोवला. वैर शिखरांचे होते, मागणी एकच होती.

सियाचिनवरील आपल्या ग्रंथात फॅनीबाई सांगतात, की नकाशावर आपले पूर्ण नाव घातले ते मिरवण्यासाठी नव्हे. या मोहिमेची कल्पना आणि नेतृत्व एका स्त्रीचे होते, हे पुढच्या स्त्रियांना छापील स्वरूपात कळावे म्हणून. यामागची भीती मला खरी वाटते. जोडप्याने केलेल्या कामाचे श्रेय आपसूक नवऱ्याच्या खात्यावर जमा होते, हे त्या पुरते जाणून होत्या.

पण तेच ग्रंथ वाचताना मन खट्टू होते. बाल्टी हमाल त्यांत बहुधा घोळक्यानेच भेटतात : पळून जाणारे, काम टाळणारे, धाक दाखवून हाकायचे. त्यांच्या पाठीवरच्या धान्यावर आणि तंबूंवर मोहीम उभी होती. थंडीची आणि जिवाची भीती त्यांनाही होती, हे बाईंच्या ध्यानी फारसे आलेले दिसत नाही. सियाचिनवर चेनोझ हा इटालियन हमाल बर्फाच्या भेगेत कोसळून मरण पावला. फॅनीबाई त्याच्या मागेच होत्या, थोडक्यात बचावल्या. मोहीम पुढे चालूच राहिली. नकाशासाठी ग्रँट पीटरकिन यांच्याबरोबर भारतीय सर्वेक्षण खात्याचे सुरजन सिंगही राबले. आज ते नाव किती जणांना ठाऊक आहे?

१९२५ साली फ्रान्समध्ये फॅनीबाई वारल्या. अमेरिकेतील स्त्रियांच्या चार महाविद्यालयांना त्यांनी मृत्युपत्राने मोठी रक्कम ठेवली. त्यांचे मोठेपण मी कमी करू इच्छित नाही. उलट, नाव नोंदले गेले पाहिजे हा धडा त्यांनीच दिला. म्हणून ते छायाचित्र पाहताना आता माझी नजर वर्तमानपत्रावरून चौकटीबाहेर जाते. तिथवर ओझी वाहून आणणाऱ्यांची नावे मी शोधत राहते.