पूर्ण रकमेची पूर्वनोंदणी (क्रिप्टो मायनिंग यंत्रे)

पूर्ण रकमेची पूर्वनोंदणी म्हणजे वस्तू तयार होण्यापूर्वीच तिची संपूर्ण किंमत भरून मागणी नोंदवण्याची पद्धत होय. बिटकॉइनसारख्या कूटचलनाच्या मायनिंगसाठी लागणाऱ्या खास संगणकांच्या विक्रीत ही पद्धत २०१२ च्या सुमारास रूढ झाली. विलंबाची सगळी जोखीम ग्राहकावर पडत असल्याने तिच्या न्याय्यतेविषयी वाद आहे.

वादाचे मूळ

मायनिंगमधून निर्माण होणारी नवी नाणी साधारणपणे प्रत्येकाच्या गणनक्षमतेच्या प्रमाणात वाटली जातात. जगात नवी यंत्रे सुरू झाली की जुन्या यंत्राचा वाटा घटतो. बिटकॉइनमध्ये गणिताची काठिण्यपातळी दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, नव्याने ठरते. शिवाय दर चार वर्षांच्या आसपास बक्षीस निम्मे होते. एप्रिल २०२४ मध्ये ते ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आले. शीतकपाट दोन महिने उशिरा आले तर गैरसोय होते, पण त्याचा उपयोग कमी होत नाही. मायनिंग यंत्राचे तसे नाही. त्याचे कमाईचे दिवसच सरतात.

चिप बनवून घेण्यासाठी आधीच मोठे भांडवल लागते व नवख्या कंपनीला ते अन्यत्र मिळत नाही, असे विक्रेते सांगतात. यात तथ्य आहे. मात्र भांडवल पुरवणाऱ्यास एरवी व्याज किंवा नफ्यात वाटा मिळतो. येथे ग्राहकास दोन्ही मिळत नाहीत.

बटरफ्लाय लॅब्ज प्रकरण

अमेरिकेतील बटरफ्लाय लॅब्ज या कंपनीने २०१२ पासून अशा यंत्रांसाठी पूर्ण रक्कम आगाऊ घेतली. फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीनुसार सप्टेंबर २०१३ पर्यंत २०,००० हून अधिक ग्राहकांना यंत्रे मिळाली नव्हती, आणि ज्यांना मिळाली त्यांतील अनेकांची ती तोवर जवळजवळ निरुपयोगी ठरली होती. आयोगाच्या अर्जावरून सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने कंपनीचा कारभार तात्पुरता थांबवला. २०१६ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले.

महाराष्ट्रात गाजलेले गेनबिटकॉइन प्रकरण याच्या जवळचे, पण निराळे आहे. त्यात यंत्र ग्राहकाच्या हाती येणारच नव्हते. मायनिंगच्या करारापोटी बिटकॉइन घेऊन १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आश्वासन दिले गेले, असा आरोप आहे. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटकसत्र केले. पुढे तपास सीबीआयकडे गेला.

खानदेशातील इसार

वेळ टळली की मोल घटते, अशा वस्तूंचा व्यवहार खानदेशाला नवा नाही. रावेर, यावल, चोपडा या जळगाव जिल्ह्यातील आणि शिरपूर या धुळे जिल्ह्यातील तालुक्यांत केळीची लागवड मुख्यतः मृगबाग (जून-जुलै) व कांदेबाग (सप्टेंबर-ऑक्टोबर) अशा दोन हंगामांत होते. ऊतिसंवर्धित रोपांची नोंदणी आधी करावी लागते, पण बहुधा नोंदणीच्या वेळी इसार आणि उरलेली रक्कम रोपे हाती आल्यावर, अशी रीत असते. मृगबागेची रोपे भाद्रपदात आली तर शेतकऱ्याचा हंगाम जातो, पण रोपवाटिकेचे उर्वरित पैसेही अडकतात. विलंबाचा चटका दोघांना बसतो, हे या रीतीचे मर्म. पूर्ण रक्कम आधीच भरल्यास विक्रेत्यावर असा कोणताच दाब उरत नाही.

कायदा

वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ३२ नुसार, वेगळा करार नसेल तर ताबा देणे आणि किंमत चुकती करणे या एकाच वेळी करावयाच्या गोष्टी आहेत. म्हणजे पूर्ण रकमेची पूर्वनोंदणी हा नियम नसून कराराने स्वीकारलेला अपवाद आहे. घरखरेदीत कायद्याने याहून पुढचे पाऊल टाकले आहे: स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. यंत्रांसाठी अशी मर्यादा नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मुळे तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात दाद मागता येते. त्यामुळे विक्रेता बंगळुरूचा असला तरी जळगाव वा धुळे येथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. अडचण वेगळीच आहे. व्यापारी प्रयोजनासाठी खरेदी करणारा या कायद्यात 'ग्राहक' ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी वस्तू वापरणाऱ्याला सूट आहे. घरात एक यंत्र चालवणारा तरुण या सुटीत बसू शकेल. गाळा भाड्याने घेऊन पन्नास यंत्रे मांडणाऱ्याला मात्र दिवाणी न्यायालयाचीच वाट धरावी लागण्याची शक्यता अधिक.