काळोख कुणाचा? कोकणातल्या रात्रीच्या मासेमारीची गोष्ट

चंदीगडमधून बोलताना समुद्राचा विषय कशाला, असं वाटेल. इथलं मोठं पाणी म्हणजे 1958 साली बांध घालून केलेला सुखना तलाव. पण सुरमई बर्फातून कुठेही पोचते. ती रात्री कशी पकडली, हा प्रश्न मात्र मागे किनाऱ्यावरच राहतो. म्हणून आज तो इतिहास बघू.

कोकणात रात्रीची मासेमारी नवी नाही. डोल जाळं चालतं ते भरती-ओहोटीच्या ओढीवर. उधाणाला ओढ जोरात, भांगाला मंद. त्यामुळे डोलकराचं घड्याळ दिवस-रात्र मानत नाही. तरत्या जाळ्यांचं वेगळं. ती संध्याकाळी सोडायची आणि पहाटे ओढायची. चांदण्यात माशाला जाळं दिसतं, म्हणून काळोख्या रात्री हव्यात. म्हणजे चंद्र आणि भरतीच ठरवायचे, कधी जायचं आणि कधी थांबायचं.

हे गणित दिव्यानं मोडलं. उजेडाकडे मासे येतात, हे माणसाला फार जुनं ठाऊक. जगभर मशाली आणि रॉकेलचे दिवे वापरले गेले. मग आला एलईडी. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा, कमी विजेचा उजेड शक्य झाला, त्याच्या संशोधकांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तोच उजेड जनरेटरच्या जोरावर नौकांवर चढला. उजेडाभोवती आधी बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे तारली, बांगडा, म्हाकूल. मग पर्ससीन जाळ्यानं सगळ्या थव्याला वेढा घालायचा आणि तळ आवळायचा. त्यात पिल्लंही येतात. लहान होडीवाल्याच्या जाळ्यापर्यंत मासा पोचतच नाही.

आता कायदा बघा. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशानं राज्यानं पर्ससीनवर निर्बंध घातले. पण राज्याची हद्द 12 सागरी मैलांपर्यंतच, पलीकडे केंद्राची. दिवे लावणारी नौका हद्दीबाहेर सरकली की राज्याचे हात बांधलेले. ही फट बुजवण्यासाठी केंद्रानं 10 नोव्हेंबर 2017 ला पलीकडच्या पाण्यातही एलईडी मासेमारीला बंदी केली. 2021 मध्ये राज्यानं कायदा दुरुस्त करून दंड वाढवले.

तरी तक्रारी थांबल्या नाहीत. गंमत अशी, की हा गुन्हा लपत नाही. काळोखात दिवा लांबूनही दिसतो. दिसणं सोपं, तिथवर गस्ती नौका नेऊन पकडणं महाग. दुसरी बाजूही ऐका: नौकेवर कर्ज आहे, डिझेल महाग आहे, आणि शेजारच्यानं दिवा लावला तर आपण अंधारात का बसायचं, असं नौकामालकाला वाटतं.

माझ्या मते खरा मुद्दा इथेच आहे. जुन्या पद्धतीत काळोख माशाचाही होता आणि माणसाचाही, म्हणून लहान होडीलाही वाटा मिळायचा. दिव्यानं तो काळोख ज्याच्याकडे भांडवल आहे त्याच्या ताब्यात दिला. ताटात सुरमई आली की एवढं जरूर आठवा.

भेटू पुढच्या भागात.